आमच्या गावात स्नोमोबिलचे नियम नव्याने ठरतायत. सुनावणीत काय बोलू?

बर्फाचा_बांध (धागाकर्ती) · २ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी अकरा वर्षं अमेरिकेत, मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात राहते. लेक सुपीरियरमध्ये घुसलेला कीवीनॉ भाग तो हाच. तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर मागे उरलेलं हजाराच्या आतलं गाव आहे आमचं. तळ्यावरून येणारा वारा वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर आणून टाकतो, त्यामुळे इथे बर्फ इंचात मोजला तरी शेकड्यात जातो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडला होता, म्हणजे जवळजवळ १० मीटर. त्या विक्रमाचा उंच फलक महामार्गालगत आजही उभा आहे.

हिवाळ्यात आमचं गाव स्नोमोबिलवर जगतं, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या, बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाडीवर. इथे सगळे तिला 'स्लेड' म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी डेट्रॉइटकडून, विस्कॉन्सिनमधून ट्रेलर लावलेल्या गाड्या येतात. मी गावातल्या खानावळीत पहाटेपासून स्वयंपाकघरात असते. शनिवारी सकाळी भिंतीलगत हेल्मेटांची रांग लागते, ओले हातमोजे हीटरवर वाळत पडतात आणि अंडी फोडताना मान वर करायला फुरसत नसते. डिसेंबर ते मार्चच्या कमाईवर आमचं पुढचं वर्ष निघतं.

ट्रेल, म्हणजे स्लेडसाठी आखलेली वाट, गावामागून, जुन्या रेल्वेच्या वाटेवरून जाते. पेट्रोलपंप आणि खानावळ गावात. मधल्या गल्ल्यांतून कुठून, किती वेगाने, किती वाजेपर्यंत जायचं याचा नीट नियमच नाही. जुना ठराव आहे तो दोन ओळींचा, 'योग्य ती काळजी घ्यावी' एवढंच सांगणारा.

गेल्या फेब्रुवारीत काय झालं ते सांगते. बर्फ हटवणारा प्लाउ रस्ता साफ करत गेला की कडेला बर्फाचे बांध साचतात. आमच्या कोपऱ्यावरचा बांध आठ फुटांवर गेला होता. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने त्यात बोगदा खणला होता आणि तो उतारावर लाल घसरगाडी घेऊन बसला होता. एक स्लेड रस्ता सोडून अंगणातून कोपरा कापत आली आणि थेट बांधावर चढली. मी खिडकीतून पाहत होते. मशीन थांबलं तेव्हा पुढच्या स्कीची रेघ घसरगाडीपासून दोन हातांवर होती. चालवणारा विशीतला मुलगा. हेल्मेट काढताना त्याची बोटं बक्कलवर नीट बसत नव्हती. "मला तो दिसलाच नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो खोटं बोलत नव्हता. बांधापलीकडचं त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

त्याच आठवड्यात रात्री दीड वाजता चार मशीन खिडकीखालून गेली. सासरे पुण्याहून आले होते, वय ७८. ते उठून बसले ते उजाडेपर्यंत बसूनच राहिले.

पुढच्या मंगळवारी गावाच्या कौन्सिलपुढे जाहीर सुनावणी आहे. प्रत्येकाला तीन मिनिटं. शेजारच्या आजी 'गावात स्लेड पूर्ण बंद' अशा अर्जावर सह्या घेतायत. खानावळीचे मालक म्हणतात सगळे रस्ते उघडा. मला दोन्ही पटत नाही. दोघांनाही दुखवायचं नाहीये, पण गप्पही बसायचं नाहीये. तीन मिनिटांत काय मांडू?

---

सदाशिव_ते_सडबरी · २ नोव्हेंबर, सकाळी ८:३५

ताई, मुलगा सुखरूप आहे हे वाचून आधी श्वास सोडला.

आमच्याकडे कॅनडात, ऑन्टारियोत वेग प्रांताच्या कायद्यातच लिहिलाय. ज्या रस्त्यावर गाड्यांना ताशी ५० किमी किंवा त्याहून कमी मर्यादा आहे, तिथे स्नोमोबिलला २०. त्याहून वेगवान रस्त्यांवर आणि सार्वजनिक ट्रेलवर ५०. गावात २० म्हणजे २०, त्यात 'योग्य काळजी' वगैरे अर्थ लावत बसायला जागा नाही. आकडा असला की पोलिसालाही सोपं, चालवणाऱ्यालाही सोपं. तुमच्या ठरावात आकडा यायलाच हवा.

दुसरं, ट्रेल कुणाच्या जमिनीतून जाते ते बघा. आमच्याकडे ट्रेल बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांच्या परवानगीवर चालते. एका वर्षी चार पोरांनी आखलेली वाट सोडून गव्हाच्या शेतात गोल गोल चकरा मारल्या. हिवाळी गहू बर्फाखाली जिवंत असतो, वर बर्फ दाबला गेला की मरतो. मालकाने पुढच्या मोसमात परवानगी दिली नाही. ट्रेल तुटली आणि पुढच्या गावातल्या मोटेलची तो हिवाळा पार वाट लागली. खानावळीच्या मालकांना हे जरूर सांगा. नियम त्यांच्या धंद्याच्या विरोधात नाहीये, त्यावरच धंदा उभा आहे.

---

कोथरूडकर७१ · २ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. ही मंडळी गावाबाहेरूनच का जात नाहीत? आपल्याकडे बायपास काढतात तसं?

---

बर्फाचा_बांध · २ नोव्हेंबर, दुपारी २:२०

@कोथरूडकर७१, ट्रेल बाहेरूनच आहे. पण पेट्रोल, जेवण, खोली हे सगळं गावात. बाहेरून गेले तर गावाला काही मिळत नाही. आमच्याकडे बायपास म्हणजे गाव रिकामं होणं.

@सदाशिव_ते_सडबरी, गव्हाची गोष्ट लिहून घेतली. इकडेही ट्रेलचा मोठा भाग खाजगी जमिनीतून जातो, आणि ती १ डिसेंबर ते ३१ मार्च एवढीच उघडी असते.

---

दोन_स्ट्रोक · २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४८

मी मिनेसोटात राहतो, बारा वर्षं स्लेड चालवतोय. चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण यातली एक गोष्ट बाहेरून दिसत नाही.

तो मुलगा अंगणातून का आला? घाई असेल, पण आणखी एक कारण असतं. आजची बरीचशी मशीन पाण्याने गार होतात आणि ते पाणी गार करतो तो पट्ट्याने उडवलेला बर्फ. साफ केलेल्या, मीठ-वाळू टाकलेल्या डांबरावर पाच मिनिटं चालवा, तापमानाचा दिवा लागतो. पट्ट्याच्या आत, रुळांवर प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या बर्फाच्या ओलाव्याशिवाय वितळायला लागतात. स्कीखाली कार्बाइडची पाती असते, तीही डांबरावर झिजते आणि मशीन नीट वळत नाही. म्हणून चालवणारा कडेचा बर्फ शोधतो. आता गावात कडेचा बर्फ म्हणजे कुणाचं तरी अंगण.

त्यामुळे नुसती 'अंगणात येऊ नका' अशी पाटी लावून भागणार नाही. एक रस्ता नेमून द्या आणि त्या रस्त्याच्या एका कडेला पाच-सहा फुटांची पट्टी प्लाउने तळापर्यंत खरवडू नये, तिथे वाळू टाकू नये, असं ठरावात घाला. आमच्या शेजारच्या गावाने हेच केलं. पट्टी मिळाल्यापासून कुणी अंगणात फिरकत नाही, गरजच उरली नाही.

आवाजाचंही सांगतो. कारखान्यातून निघालेलं मशीन पूर्ण वेगात ५० फुटांवर ७८ डेसिबलच्या आत असतं. रात्री खिडक्या हादरवतात ते मूळ सायलेन्सर काढून बाजारातला पोकळ पाइप बसवलेले. शंभरात पाच-दहा जण असतील, बदनाम होतात सगळे. नियम त्यांच्यावर नेमका मारा.

आणि मूळ गोष्ट विसरू नका. हे मशीन गावांसाठी जन्माला आलंय. क्विबेकमधल्या व्हालकूरचे जोसेफ-आर्मांद बोम्बार्दिए. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बंद, इस्पितळात नेता आलं नाही म्हणून त्यांचा दोन वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी बर्फावर चालणारी मोठी वाहनं बनवली, ती डॉक्टर आणि शाळकरी मुलांना नेत. एकट्या-दुकट्याची स्की-डू आली १९५९ मध्ये. पूर्ण बंदी मागणाऱ्या आजींना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

---

पालघरची_पोर · २ नोव्हेंबर, रात्री ९:१५

@दोन_स्ट्रोक +१. पट्टीची कल्पना फार आवडली.

---

शांत_झोप · ३ नोव्हेंबर, सकाळी ७:००

मला आजींचंच पटतं, स्पष्ट लिहिते. मी परिचारिका आहे, वीस वर्षं रात्रपाळी केली. झोप मोडणं ही किरकोळ तक्रार नाही. म्हातारं माणूस दीड वाजता दचकून उठतं, अंधारात बाथरूमकडे जातं आणि पडतं. कमरेचं हाड मोडलेले कितीतरी पेशंट मी असेच आलेले पाहिलेत. पर्यटकांच्या दोन दिवसांच्या मजेसाठी गावाने चार महिने हे का सोसायचं? नियम कितीही चांगला लिहा, रात्री दीडला तो राबवायला तुमच्या गावात कोण असतं?

---

बर्फाचा_बांध · ३ नोव्हेंबर, दुपारी १:४०

@शांत_झोप, ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मला रात्रभर टोचत होता. खरं आहे, आमच्या गावाला स्वतःचा पोलीस नाही. काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या शेरीफचा (पोलीस प्रमुखाचा) एक माणूस असतो, तो चाळीस मैलांच्या टापूत फिरतो.

मी आज कायदा काढून वाचला. रात्री १२ ते सकाळी ६ या वेळात घरापासून १०० फुटांच्या आत, मशीन पुढे सरकत राहील एवढ्या कमीत कमी वेगानेच चालवायचं, असं मिशिगनच्या कायद्यात आधीपासून आहे. अकरा वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं! खानावळीत आलेल्या सहा जणांना विचारलं, चौघांना माहीत नव्हतं. त्या चौघांपैकी एक जण वीस वर्षं येतोय.

स्मशानात चालवू नये, हेल्मेट हवंच, रस्ता ओलांडताना पूर्ण थांबून काटकोनात ओलांडावा, हेही आहे. बारा वर्षांखालच्या मुलाने मशीनवरून सार्वजनिक रस्ता ओलांडायचाच नाही. बारा ते सोळामधल्याकडे रस्ता ओलांडायला सुरक्षेच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. आणि गावाला आपले रस्ते ठराव करून उघडे करायचा अधिकार आहे.

म्हणजे नियम आहेत. ते फाइलीत आहेत, रस्त्यावर नाहीत. मला वाटतं माझी तीन मिनिटं यावर जायला हवीत.

---

बियास_काठी · ३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

पाटी हवीच, पण पाटीच्या आधी गावाने आपलं एक म्हणणं ठरवावं लागतं. मी दरवर्षी ट्रेकसाठी मनालीला जातो, तिथलं सांगतो.

मनालीजवळ गोशाल नावाचं गाव आहे. मकर संक्रांतीपासून ४२ दिवस तिथे आणि आसपासच्या आठेक गावांत आवाज करत नाहीत. देव स्वर्गात गेलेत, ते तपात आहेत अशी श्रद्धा. टीव्ही बंद, देवळातली घंटा बांधून ठेवलेली, शेतात कुदळसुद्धा चालवत नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा होमस्टेच्या काकींनी दारातच ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या हातातला फोन सायलेंटवर आहे ना ते बघितलं. कुठे पाटी नव्हती, दंड नव्हता. पण अख्ख्या गावाला एकच गोष्ट माहीत होती आणि आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्या मिनिटात सांगितली जात होती.

याच खोऱ्यात वर सोलंगला स्नो स्कूटर चालतात. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने रोहतांग परिसरातल्या स्नो स्कूटर आणि बाकी व्यावसायिक खेळांवर बंदी आणली, तेव्हा शेकडो घरांची रोजी एका आदेशाने अडली. मला त्या वेळी डोंगरावरचा काळा धूर आणि कचराही दिसत होता, त्यामुळे आदेश चूक होता असं मी म्हणणार नाही. पण गावाने आपण होऊन वेळेवर नियम केले नाहीत की नियम लांबून येतो, आणि लांबून आलेल्या नियमाला कोण कशावर जगतं ते दिसत नाही. तुमच्याकडे अजून गावच ठरवतंय. ही संधी सोडू नका.

---

फ्योर्डकाठ · ४ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

नॉर्वेतून. इथे उलटी पद्धत आहे. १९७७ च्या कायद्याने मोकळ्या रानात मोटार वाहन न्यायला मुळातच मनाई, परवानगी हा अपवाद. २०१५ पासून नगरपालिकांना करमणुकीसाठी स्नोमोबिलच्या वाटा आखता येतात, पण त्याआधी आवाज, हिमकडे कोसळण्याचा धोका, प्राणी हे सगळं तपासावं लागतं आणि जमीनमालकाची संमती घ्यावी लागते. आमच्या नगरपालिकेने वाट आखताना नकाशावर प्रत्येक घर दाखवलं होतं. लोकांनी आपापल्या घराशेजारी लिहिलं, इथे आजारी माणूस आहे, इथे लहान मूल आहे. वाट त्याप्रमाणे दोनदा सरकली.

तुम्हीही एक मोठा नकाशा न्या. तीन मिनिटांत बोलून जे होणार नाही ते नकाशा करेल.

---

दोन_स्ट्रोक · ४ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

@फ्योर्डकाठ, जबरदस्त. ताई, नकाशा कराच. आणि त्यावर बर्फाचे बांध दाखवा, जिथे समोरचं दिसत नाही असे कोपरे. चालवणाऱ्याला तेच जिवावरचं असतं.

---

शांत_झोप · ४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

नकाशावर रात्रपाळी करून दिवसा झोपणारेही दाखवा. आणि रात्री ११ ला बंद, १२ ला नाही. माझं मत अजून बंदीचंच आहे. पण निदान एवढं कराल तर मला बरं वाटेल.

---

होटनचा_जुना · ४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी मिशिगन टेक विद्यापीठात शिकलो, तुमच्याच भागातल्या होटनमध्ये तीन हिवाळे काढले. तिथला लिफ्ट ब्रिज आठवतोय. १९५९ चा पूल, मधला भाग अख्खा वर-खाली होतो. खालच्या मजल्यावरून एके काळी रेल्वे जायची, ती १९८२ मध्ये बंद झाली. आता हिवाळ्यात वरून गाड्या आणि त्याच खालच्या मजल्यावरून स्लेड. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पहिल्या वर्षी मी थंडीत अर्धा तास उभा राहून नुसतं बघत होतो. तुमच्या भागातल्या लोकांना वाटा वेगळ्या करायची कला आधीपासून येते, हे सुनावणीत नक्की सांगा. कुणालाही आपल्या पुलाचा अभिमान असतोच.

---

बर्फाचा_बांध · १० नोव्हेंबर, रात्री १०:४५

सुनावणी झाली. आत्ताच घरी आले.

मुलाच्या शाळेतून मोठा कागद आणला होता. रविवारी दुपारी मी आणि शेजारच्या आजी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून नकाशा काढला. हो, बंदीचा अर्ज फिरवणाऱ्याच आजी. त्यांचे आजोबा फिनलंडहून खाणीत कामाला आलेले. गावातल्या प्रत्येक घरात कोण राहतं, कधी झोपतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी लाल पेन्सिलीने अकरा घरांवर खुणा केल्या. मग मी ट्रेलपासून पंपापर्यंतचे तिन्ही मार्ग काढले. शाळेमागचा रस्ता थोडा लांब पडतो, पण त्यावर लाल खूण एकच होती. आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथून जाऊ देत." सह्यांचा कागद त्यांनी मागे घेतला नाही, पण सुनावणीत तो दिलाही नाही.

माझी तीन मिनिटं पट्टीवर आणि पाट्यांवर गेली. बोगद्याचं सांगताना आवाज थोडा अडकला. खानावळीचे मालक मागच्या रांगेत होते. गव्हाच्या शेताची गोष्ट सांगितली तेव्हा ते मान हलवत होते. पूल आणि रेल्वेचा उल्लेख केला तर दोन म्हातारे सदस्य चक्क हसले आणि आपापसात बोलायला लागले.

काय ठरलं ते सांगते. शाळेमागचा एकच रस्ता स्लेडसाठी उघडा. वेग ताशी १० मैल, एकामागे एक. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी अर्धा-अर्धा तास बंद. रात्री ११ ते सकाळी ६ बंद, फक्त गावात राहणाऱ्याने जवळच्या वाटेने घरी यावं-जावं. रस्त्याच्या उत्तर कडेला सहा फुटांची पट्टी, प्लाउ तिथे वरवरच फिरवायचा, वाळू नाही. पंपावर, खानावळीत आणि ट्रेलच्या फाट्यावर मोठी पाटी, तीत राज्याचा रात्रीचा नियमही लिहायचा.

पोकळ पाइपांचं काही झालं नाही. मोजायचं यंत्र कुणाकडे नाही, म्हणून तो मुद्दा एप्रिलच्या बैठकीवर गेला. मला ते लागलं. @शांत_झोप, राबवणार कोण याचंही अर्धंच उत्तर मिळालं. शेरीफचा माणूस शनिवारी रात्री एक फेरी मारायला कबूल झालाय.

---

शांत_झोप · १० नोव्हेंबर, रात्री ११:३०

११ वाजता बंद हे वाचून डोळे भरले. आजींना माझा नमस्कार सांगा.

---

सदाशिव_ते_सडबरी · ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

अभिनंदन ताई! ताशी १० मैल म्हणजे आमच्या २० किमीहूनही कमी. खानावळीत प्रत्येक टेबलावरच्या कागदी मॅटवर नकाशा छापता येईल का ते बघा. जेवण येईपर्यंत माणूस समोर जे असेल ते वाचतो.

---

बर्फाचा_बांध · १३ डिसेंबर, सकाळी ११:२०

थोडी बातमी. मॅट छापले, मालकांनी स्वखर्चाने. नकाशा आजींचाच, लाल खुणा तेवढ्या काढून टाकल्या.

काल मोसमातला पहिला गजबजलेला शनिवार होता. रात्री पावणेअकराला पाच-सहा मशीन शाळेमागून गेल्याचा आवाज आला, लांबून, हळू. सव्वाअकराला एक पोकळ पाइपवालं गेलं आणि मी पडल्या पडल्या मुठी आवळल्या. त्यानंतर काही नाही. आज सकाळी बघून आले, रस्त्याकडेच्या पट्टीवर स्लेडच्या पट्ट्यांचे ठसे एकावर एक पडलेत आणि आमच्या कोपऱ्यावरच्या अंगणात फक्त सशाची पावलं आहेत. मुलाने नवा बोगदा सुरू केलाय. आता घराच्या मागच्या बाजूला, ते मात्र मी सोडणार नाही.

---

दोन_स्ट्रोक · १३ डिसेंबर, दुपारी १२:०५

मस्त. पाट्या किती उंच लावल्या? जानेवारीत बांध वाढले की खालच्या पाट्या गाडल्या जातात.

---

बर्फाचा_बांध · १३ डिसेंबर, दुपारी १२:४०

जमिनीपासून सात फूट. कमी पडेल असं आता तुमचं वाचून वाटतंय. खांब लाकडी आहेत, वर जोड देता येईल. उद्या कामगाराला विचारते.